भिंतींतली तार



बिनतारी यंत्रासमोर बसून तारेची थोरवी सांगावयाची, हा प्रकार थोडा विनोदी वाटेल खरा. माझा आवाज आपल्यापर्यंत येतो आहे तो आकाशमार्गानें, आणि विषय मात्र मीं निवडला आहे तो, घराच्या भिंतींच्या पोटांतून संगणकाची तार कशी न्यावी, हा. पण ज्याचे हात पोळले आहेत त्यानें विस्तवाविषयीं दोन शब्द सांगितले तर कोणी वावगें मानूं नये. म्हणून आधीं घरचीच हकीकत सांगतों.

आमचें घर पुण्यांत, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. भिंती नऊ इंची, विटांच्या. फायबरची तार रस्त्याच्या बाजूनें दिवाणखान्यांत येते, म्हणून राउटरहि तेथेंच. आणि मुलीची खोली अगदीं मागच्या अंगाला. मध्यें तीन भिंती आणि एक न्हाणीघर. 2018 सालीं घराला रंग द्यावयाचा होता, तेव्हां मीं ठरविलें कीं, या संधीचा फायदा घेऊन दिवाणखान्यांतून तिच्या खोलीपर्यंत एक पक्की तार भिंतींतूनच नेऊन टाकावी. गवंड्यानें विचारलें, "साहेब, पाइप घालूं कीं नुसतीच तार दाबूं? नुसती दाबली तर खांच बारीक लागेल, एका दिवसांत काम उरकेल." मीं म्हटलें, "दाबा नुसती." काटकसर म्हणून आयुष्यांत जे निर्णय घेतले, त्यांत इतका महाग पडलेला दुसरा निर्णय मला आठवत नाहीं.

दोन वर्षें सर्व कांहीं सुरळीत चाललें. पुढें 2020 सालची टाळेबंदी आली आणि मुलगी, ती वास्तुविशारद आहे, घरूनच काम करूं लागली. त्याच सुमारास घरांत आणखी एक क्षुल्लक गोष्ट घडली. माझ्या आई-वडिलांचा एक जुना फोटो कपाटांत पडून होता, तो मधल्या खोलींत लावला. खिळा मींच ठोकला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं मुलगी कुरकुर करूं लागली, "बाबा, नकाशे उतरवून घ्यायला हल्लीं फार वेळ लागतो." पन्नास गिगाबाइटचा जो गठ्ठा दिवाणखान्यांतल्या साठवणयंत्रावरून पूर्वीं सात-आठ मिनिटांत तिच्या संगणकावर येई, त्याला आतां तासाहून अधिक लागूं लागला. आम्हीं दोष संगणकाला दिला आणि नवा संगणक आणला. फरक शून्य. खिळ्याचा आणि नकाशांचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

मग पावसाळा आला. न्हाणीघराच्या बाजूची ती भिंत दर पावसाळ्यांत जराशी ओल धरतेच. ऑगस्टमध्यें एके दिवशीं सकाळीं तार अजीबात बंद पडली. आणि नेमकी त्याच सकाळीं तिची एका कचेरीशीं दुरून मुलाखत ठरलेली होती. मागच्या खोलींत फोनला बिनतारी लहर जेमतेम लागे. शेवटीं ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली, आणि वरच्या बिऱ्हाडांतली माणसें जात-येत असतां तेथूनच तिनें फोनवर ती मुलाखत दिली. ती नोकरी तिला मिळाली नाहीं. तारेमुळें मिळाली नाहीं असें मी म्हणत नाहीं, तीहि म्हणत नाहीं. पण त्या दिवसापासून त्या भिंतीकडे पाहिलें कीं मला ओशाळल्यासारखें होई.

आतां, एका खिळ्यानें आधीं वेग मंदावावा आणि चार महिन्यांनीं तार मरावी, हें कसें? हें समजण्यासाठीं तारेच्या आंत डोकावून पाहिलें पाहिजे. वरून ती करंगळीहून बारीक, सुमारें सहा मिलीमीटर जाडीची दिसते. आंत मात्र तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, आणि त्या दोन-दोनांच्या चार जोड्या करून एकमेकींभोंवतीं पिळलेल्या असतात. प्रत्येक जोडीचा रंग ठरलेला: निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी, आणि प्रत्येक रंगाच्या तारेबरोबर त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी तार.

हा पीळ शोभेसाठीं नाहीं. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें 1881 सालीं या पिळाचें पेटंट घेतलें, यावरून ही युक्ति किती जुनी आहे तें दिसेल. तिचें मर्म असें. दोघे माणसें एका होडींत शेजारीं शेजारीं बसलीं आहेत अशी कल्पना करा. लाट आली कीं दोघेंहि सारखींच वर उचललीं जातात, म्हणून त्यांच्या डोक्यांच्या उंचींतला फरक कायम राहतो. तारेच्या पलीकडच्या टोंकाचें यंत्र दोन तारांतला हा फरकच तेवढा वाचतें. शेजारून विजेची तार गेली, पंखा सुरू झाला, कीं त्याचा उपद्रव ही लाट होय; ती दोघींवर सारखी आली तर फरकाला धक्का लागत नाहीं. परंतु एक तार नेहमीं उपद्रवाच्या जवळ आणि दुसरी नेहमीं दूर राहिली तर लाट सारखी कशी येणार? पिळामुळें हा पक्षपात टळतो. आतां ही जवळ, तर पुढच्याच वळशाला ती जवळ. शिवाय चारहि जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळ्या दाटीचे ठेवलेले असतात, नाहीं तर जोड्याच एकमेकींत कुजबुजूं लागतील.

संगणक एकमेकांस जोडण्याची इथरनेट ही पद्धति 1973 सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनीं उभी केली. तेव्हां तिला जाडजूड, एकाच गाभ्याची तार लागे. पिळाच्या जोड्यांवर ती पद्धति आणण्याचें मानक 1990 सालीं ठरलें, आणि सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, इतक्या वेगाचें 1999 सालीं. यांतली आमच्या कामाची गोष्ट ही कीं, शंभर मेगाबिटांच्या जुन्या पद्धतीला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी; हजार मेगाबिटांना मात्र चारहि लागतात. माझ्या खिळ्यानें तपकिरी जोडी तोडली होती. दोन्ही टोंकांच्या यंत्रांनीं निमूटपणें आपसांत तडजोड केली आणि तीं शंभरावर उतरलीं. तार मेली असती तर आम्हीं त्याच दिवशीं शोध घेतला असता. ती नुसती लंगडली, म्हणून चार महिने कळलें नाहीं. पुढें खिळ्याच्या भोंकांतून ओल आंत गेली, तांब्यावर हिरवट कीट चढलें आणि हिरव्या जोडीनेंहि दम सोडला.

येथें कोणी सहज विचारील, एवढा खटाटोप हवा कशाला? बिनतारी राउटर आहेतच कीं. आहेत, आणि फोनसाठीं, खोल्याखोल्यांतून हिंडतांना, त्यांच्यासारखी सोय नाहीं. परंतु त्यांच्या लहरींना आपल्या भिंती मानवत नाहींत. नेहमींच्या दोन पट्ट्यांपैकीं एकींतली लहर सुमारें बारा सेंटिमीटर लांबीची, दुसरींतली सुमारें सहा. ही दुसरी जलद खरी, पण भिंत ओलांडतांना तीच अधिक लवकर क्षीण होते. त्यांतून लोखंडी सळयांचें काँक्रीट, न्हाणीघरांतले नळ, ओली वीट, हीं तर तिचीं वैरीच. मागच्या खोलींत बिनतारी लहर नेण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथें दुसरें बिनतारी यंत्र बसविणें, हाच आहे. थोडक्यांत, चांगल्या बिनताऱ्याच्या पाठीशीं बहुधा एक तार असते.

यासंबंधीं वाचावयास जी माहिती मिळते ती बरीचशी अमेरिकेंतल्या घरांना धरून लिहिलेली असते. तेथील घरांच्या आंतल्या भिंती पुष्कळदां लांकडी उभ्या दांड्यांवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात, मध्यें पोकळी. वरून भोंक पाडावें, तार सोडावी, खालून आंकड्यानें ओढून घ्यावी, कीं काम झालें. आपल्याकडे भिंत भरीव. तिच्यांत तार घालावयाची म्हणजे गिलावा फोडून विटेंत खांच पाडणें आलें. आणि खांच पाडणें म्हणजे भिंतीची जाडी तेवढ्यापुरती कमी करणें होय. ही गोष्ट घर रंगविण्याच्या घाईंत कोणी बोलून दाखवीत नाहीं, म्हणून मी तिच्यावर थोडा अधिक वेळ घेणार आहें.

घर कशावर उभें आहे हें आधीं पाहावें. काँक्रीटचे खांब आणि तुळया यांचा सांगाडा असेल, तर मधल्या विटांच्या भिंती केवळ आडोसा म्हणून असतात. त्यांत खांच पाडली तरी वरचा भार ढळत नाहीं. खांबाला आणि तुळईला मात्र कटर लावूं नये. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींत, आमच्यासारख्या, असा सांगाडा पुष्कळदां नसतोच. वरच्या मजल्यांचा सारा भार विटांच्या भिंतीच वाहतात. अशा भिंतीला दिवाणखान्यापासून मागच्या खोलीपर्यंत छातीइतक्या उंचीवर सरळ आडवी खांच पाडणें म्हणजे, पाव कापतांना सुरी जशी फिरवितात तशी ती डोक्यावरच्या दोन बिऱ्हाडांखालीं फिरविण्यासारखें आहे. उभी खांच भाराच्या दिशेनें जाते, म्हणून कमी अपाय करते. विटांच्या बांधकामाच्या भारतीय मानकांत उभ्या खांचेची खोली भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षां आणि आडवीची एक-षष्ठांशापेक्षां अधिक असूं नये, असें सांगितलें आहे. नऊ इंची भिंतींत, म्हणजे सुमारें 228 मिलीमीटरांत, आडवी खांच 38 मिलीमीटर चालेल. भार वाहणाऱ्या साडेचार इंची भिंतींत मात्र खांच मुळींच पाडूं नये. नेहमींचा पाइप 25 मिलीमीटरचा. म्हणजे नऊ इंची भिंतींत तो आडवाहि बसतो. हा हिशेब गवंड्याला तोंडीं सांगून भागत नाहीं. तो खडूनें भिंतीवर लिहून ठेवावा.

अलीकडे उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंतीसकट सबंध घर काँक्रीटचें ओततात. तेथें भिंतच खांब आहे आणि तिच्या पोटांत सळया आहेत. अशा घरांत खांचेचा विचारच सोडावा, आणि पायपट्टीच्या वरून प्लास्टिकच्या चपट्या पन्हळींतून तार न्यावी. ती दिसते, हें खरें. पण दिसणारी तार ही कांहीं घराची बेअब्रू नव्हे. हलक्या राखाडी ठोकळ्यांच्या भिंतींत कटर लोण्यांत सुरी जावी तसा जातो, तेथें उलट हात आंवरण्याचीच काळजी घ्यावी लागते.

मग आडवें अंतर तोडावयाचें कसें? उंचावरून. पोटमाळा असेल तर त्यावरून, नसेल तर छताखालच्या जिप्समच्या आच्छादनाआडून, तेंहि नसेल तर दारांच्या वर पन्हळीतून. आडवा प्रवास वर करावा आणि भिंतींत फक्त बॉक्सच्या नेमकें वर उभें उतरावें. याचा आणखी एक फायदा आहे. बॉक्स दिसला कीं तार त्याच्या सरळ वर आहे, हें पुढें खिळा मारणाऱ्याला आपोआप कळतें. आमची तार नागमोडी गेली होती. तिच्या वाटेचा अंदाज करणें मलाहि शक्य नव्हतें.

आतां पाइप. तारेचें आयुष्य पाइपाहून थोडें असतें. तार खराब होईल, तुटेल, किंवा चांगली असूनहि जुनी ठरेल. 'सहाव्या वर्गा'ची तार आज सर्वत्र मिळते. एक गिगाबिटाचा वेग ती शंभर मीटरपर्यंत नेते, आणि दहा गिगाबिटांचा सुमारें पन्नास मीटरपर्यंत. घरांतलें अंतर वीस-पंचवीस मीटरांच्या वर क्वचित् जातें, म्हणून आज हीच घेणें पुरेसें आहे. पण वीस वर्षांनीं काय लागेल, हें आज कोण सांगणार? कदाचित् खोलीखोलींत कांचेची तार जाईल. पाइप असला तर जुनी ओढून काढावी, नवी ओढून घ्यावी. भिंतीला ओरखडाहि नको. 25 मिलीमीटरच्या पाइपांत अशा चारच तारा घालाव्या. हिशेबानें अधिक मावतील, पण पाइपाच्या पोकळीचा चार-दशांशाहून अधिक भाग भरला कीं तारा ओढतांना एकमेकींवर घासून अडतात.

पाइपाला काटकोनी तुकडे जोडूं नयेत. पाइपच ऊन देऊन, आंत स्प्रिंग घालून, मोठ्या गोलाईनें वांकवावा, म्हणजे तो वळणावर चपटा होत नाहीं. दोन बॉक्सांच्या मध्यें असे दोनच वांक असावे. तिसरा आलाच तर तेथें आणखी एक बॉक्स ठेवावा. तारेला स्वतःलाहि तिच्या जाडीच्या चौपटीहून, म्हणजे सुमारें अडीच सेंटिमीटरांहून, लहान त्रिज्येंत वळवूं नये. वळविली तर ती तुटत नाहीं. आंतल्या जोड्यांचा पीळ मात्र विस्कटतो, आणि मग माझ्या खिळ्यासारखाच तिचाहि गुन्हा न दिसतां चालूं राहतो. ओढतांनाहि जोर बेताचा. सुमारें 11 किलो वजनाइतकी ओढ ही मर्यादा मानतात. भरलेली मोठी बादली उचलण्यास लागतो त्याहून कमीच. पाइपाच्या तोंडाशीं शंखजिऱ्याची पूड लावली कीं तार सुरळीत सरकते. एकानें पलीकडून ओढावें, दुसऱ्यानें अलीकडून सोडीत राहावें, आणि दोघांनीं एकमेकांना मोठ्यानें सांगत राहावें. आमच्याकडे हें काम मी आणि मुलीनें केलें, आणि शेजाऱ्यांना घरांत भांडण चाललें आहे असें वाटलें.

विजेची तार आणि ही तार एका पाइपांत कधींहि घालूं नये. हा नुसता उपद्रवाचा प्रश्न नव्हे. 230 व्होल्टांच्या तारेचें वेष्टण कोठें झिजलें तर तो दाब सरळ संगणकांत आणि तेथून आपल्या हातांत यावयाचा. दोन्ही पाइप शेजारून जावयाचेच असले तर मध्यें वीतभर अंतर ठेवावें, आणि एकमेकांस ओलांडावयाचेंच झालें तर काटकोनांत ओलांडावें. एकाच चौकटींत दोन्हींचीं बटनें शोभून दिसतात म्हणून कारागीर दोन्ही एका बॉक्सांत आणूं पाहतात. त्याला नाहीं म्हणावें.

ज्यांना भिंत फोडणें नको आहे, त्यांनीं आधीं घरांतले जुने बॉक्स उघडून पाहावे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेल्या पुष्कळ सदनिकांत दूरध्वनीसाठीं आणि दूरचित्रवाणीसाठीं पाइप मूळचेच घातलेले असतात, आणि त्यांत आज कोणी न वापरणाऱ्या तारा पडून असतात. ती जुनी तार हलवून पाहावी. सैल असली तर तीच नव्या तारेची वाट होते: तिच्या टोंकाला नव्या तारेबरोबर एक नायलॉनची दोरीहि घट्ट बांधावी, सांधा चिकटपट्टीनें गुळगुळीत करावा, आणि दुसऱ्या बाजूनें हलकेंच ओढावें. दोरी पाइपांत राहूं द्यावी. पुढच्या वेळीं तिचा उपयोग होतो. जुनी तार अडली तर जोर लावूं नये, कोठें तरी मध्येंच बॉक्स रंगाखालीं बुजविलेला असतो.

तार विकत घेतांना एक सावधगिरी. बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली स्वस्त तार सर्रास मिळते. तिचें टोंक पात्यानें खरवडावें; आंत पांढरें चकाकलें तर ती परत करावी. ती वांकवितांना मोडते, आणि हल्लीं छतावरच्या कॅमेऱ्यासारख्या यंत्रांना वीजहि याच तारेंतून पुरवितात, तेव्हां ती अधिक तापते. भिंतींतली तार आंतून भरीव तांब्याची असावी. भिंतीबाहेर संगणकापर्यंत जाणारा लहान तुकडा मात्र अनेक तंतूंचा, लवचिक असावा, कारण त्याला रोज हलावें लागतें. मानकांप्रमाणें भिंतींतला भाग 90 मीटर आणि असे तुकडे मिळून 10 मीटर, एवढी एकंदर मर्यादा आहे. घरांत तिची चिंता करण्याचें कारण नाहीं.

टोंकें बसवितांना रंगांचा क्रम दोन्हींकडे एकच ठेवावा. दोन क्रम रूढ आहेत. कोणताहि घ्या, पण घरभर तोच. जोड्यांचा पीळ टोंकाशीं फार तर 13 मिलीमीटर सोडवावा. बॉक्समध्यें वीतभर तार जादा गुंडाळून ठेवावी, पुढें कधीं टोंक बिघडलें तर तेवढी उपयोगी पडते. आणि मग ती लहानशी आठ दिव्यांची तपासणी-पेटी लावावी, जी मीं दोन वर्षें उशिरा घेतली. आठहि दिवे क्रमानें लागले तर तारेंत खंड नाहीं एवढें कळतें. वेग खरोखर हजारावर बांधला जातो कीं नाहीं हें संगणकावरच पाहावें. ही तपासणी गिलाव्याच्या आधीं करावी. आमच्या घरीं ती पेटी लावली तेव्हां सातवा आणि आठवा दिवा लागलाच नाहीं; मग हिरव्या जोडीचाहि एक लागला नाहीं. फोटो काढला, खिळा उपटला, त्याच्या टोंकाला तपकिरी वेष्टणाचा एक धागा चिकटलेला होता.

खांच बुजवितांना गिलाव्याखालीं कोंबडीजाळी ठोकून घ्यावी, नाहीं तर पाइपाच्या वाटेनें भिंतीवर केसासारखी भेग उमटते. आणि बुजविण्यापूर्वीं मोजपट्टी भिंतीला लावून, ती दिसेल असा, फोनवर फोटो घ्यावा: जमिनीपासून किती, दाराच्या चौकटीपासून किती. फोन बदलतात, फोटो हरवतात. म्हणून तींच मापें कागदावर लिहून विजेच्या पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावीं.

आमची भिंत गेल्या वर्षीं पुन्हां फोडली. या वेळीं गवंडी दुसरा होता, आणि त्यानेंहि तोच प्रश्न विचारला. मीं उत्तर देण्यापूर्वीं मुलीनेंच सांगितलें, "काका, दोन पाइप घाला. एकांत तार, एक रिकामा." रिकाम्या पाइपांत नुसती दोरी आहे, तिचीं दोन्ही टोंकें बॉक्सांत गांठ मारून ठेवलीं आहेत. आई-वडिलांचा फोटो आतां चौकटीपासून चार फूट अलीकडे लावला आहे, आणि खिळा या वेळीं मला मारूं दिला नाहीं.